पुठ्ठ्यातली नावं

शमुवेल मास्तर गेल्याचं त्यांच्या मुलीनं, मार्थानं, मला फोनवर सांगितलं. हुंदका आवरून ती लगेच म्हणाली, "बशीरचाचा, अप्पांचं बायबल तुमच्याकडंच हाय न्हवं? कुनी मागाय आलं तर देऊ नगा." बाप जाऊन दोन तासही झाले नव्हते, आणि पोरीला धास्ती पुस्तकाची. मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि भर दुपारी दुकानाला आतून कडी लावली.

शिरूरमधलं आमचं बाइंडिंगचं दुकान वडिलांपासूनचं. शाळेची हजेरीपुस्तकं, वकिलांची बाडं, कुराण, पोथ्या, सगळं आमच्या सुईखालून जातं. मास्तर दौंडचे, शाळेतून निवृत्त झालेले. एकोणीसशे नव्वदच्या आसपास ते आजीचं बायबल घेऊन एसटीनं आले. शिवण सुटलेली, कोपरे कुरतडलेले. मी म्हटलं, नवं घ्या, स्वस्तात पडेल. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की मी मुकाट्यानं सुई ओवली. दौंड सोडून इथं का आलात, असं पुढं एकदा विचारलं, तर म्हणाले, "कुराण बांधनारा मानूस पुस्तक पायाशी ठेवत न्हाई."

काम होईपर्यंत ते स्टुलावरून हलायचे नाहीत आणि बोलायचे थांबायचे नाहीत. आधी मला वैताग यायचा, मग सवय झाली, मग मीच त्यांची वाट बघायला लागलो. बायबल हे एक पुस्तक नव्हे, शेकडो वर्षांत अनेकांनी लिहिलेल्या पुस्तकांची चळत आहे, हे मला त्यांच्याकडून कळलं. जुना भाग बहुतेक हिब्रूत, नवा ग्रीकमध्ये. कातड्यावर नक्कल करणारे अक्षरं मोजायचे, जीर्ण झालेलं पान फेकायचे नाहीत, पुरायचे. कुणी कुणी नक्कल संपली की शेवटी आपलं नाव लिहायचे. पुढं लोकांच्या बोलीत ते आणलं म्हणून युरोपात माणसं जाळली गेली. आपल्याकडं परदेशी पाद्री आणि इथले पंडित शेजारी बसून मराठी शब्द शोधत राहिले; सुरुवातीच्या काही प्रती तर मोडीत छापलेल्या... मास्तरांची आजी गावकुसाबाहेरची. शाळेच्या दारात तिला कुणी उभं केलं नसतं. ती याच पुस्तकावर बोट ठेवून वाचायला शिकली. "वाचाय लागलं की मानूस परश्न इचारतंय," मास्तर म्हणायचे, "तेच खुपतंय लोकांना."

त्या पुस्तकाच्या सुरुवातीला तीन पानं होती. घरातले जन्म, लग्नं, मृत्यू चार पिढ्यांच्या अक्षरांत तिथं लिहिलेले. त्याखाली मास्तरांनी आसपासच्या गावांतली काही कुटुंबंही लिहिली होती, त्यांच्याकडं गुपचूप प्रार्थनेला येणारी. गावात कळलं असतं तर त्यांचं शेतावरचं काम बंद, पाणी बंद, पोरीची सोयरीक मोडलेली. मास्तरांनी मात्र त्यांना घरची माणसं म्हणून नावानिशी लिहिलं. हा निव्वळ भाबडेपणा होता, आणि मी तसं त्यांना तोंडावर सुनावलंही.

काही वर्षांनी दोघं जण मोटारसायकलवरून त्यांच्या दारात यायला लागले. शिवीगाळ नाही, दमदाटी नाही. पाणी मागायचे, बसायचे आणि विचारायचे, "मास्तर, तुमच्याकडं कोन कोन येतं?" तिसऱ्या खेपेला त्यांनी बायबल बघायला मागितलं. शिरूरला शिवायला टाकलंय, असं सांगून मास्तरांनी वेळ मारून नेली आणि दुसऱ्या दिवशी ते खरंच पुस्तक घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. ती तीन पानं त्यांनी काढून एका पाकिटात बंद केली होती.

"जाळून टाकू का?" मी विचारलं.

"न्हाई. आन् वाचू बी नका. कुनी इचारलं तर तुम्हाला खोटं बोलाय लागाय नगं."

वडिलांच्या काळात पुठ्ठा महाग, म्हणून आम्ही रद्दीचे थर खळीनं चिकटवून पुठ्ठा करायचो. तसाच केला. मधल्या थरांत पाकिटापुरती पोकळ जागा ठेवली, वरून काळं रेक्झिन चढवलं. पुस्तक दुकानातच ठेवून घेतलं.

महिन्याभरात ते दोघं शिरूरला आले. एकानं बायबलचं पानन् पान उलटलं, मग ते मिटून तळहात वरच्या पुठ्ठ्यावर ठेवला आणि तसाच विचारत राहिला. नाव काय, मुलगा किती मोठा, कुठं असतो. मी घाबरून सगळं खरं सांगितलं, माझा इरफान सणसवाडीच्या कारखान्यात आहे हेसुद्धा. जाताना तो म्हणाला, "बांधलंय झ्याक. जरा जड झालंय." त्या संध्याकाळी इरफान घरी येईपर्यंत मी पाणीसुद्धा प्यालो नाही.

त्यानंतर मास्तर दर नाताळाआधी यायचे, पुस्तक मांडीवर घ्यायचे, पुठ्ठ्यावरून अंगठा फिरवायचे आणि परत माझ्या हातात द्यायचे. गेल्या खेपेला अंगठा बराच वेळ फिरत राहिला. मी चहा मागवला, तोवर ते उठलेही होते...

दफन झाल्यावर आठवड्यानं मार्था दुकानात आली. घरच्या रीतीप्रमाणं बापाचा मृत्यू त्या पानावर लिहायचा होता. मी पुठ्ठा कडेनं उसवला, पाकीट काढलं. मास्तरांच्या जन्माच्या ओळीपुढं तिनं तारीख लिहिली, अक्षर बापासारखंच. मग तिनं तिसरं पान माझ्यासमोर सरकवलं. ती सगळी कुटुंबं संपतात तिथं, सर्वांत खाली, मास्तरांनी लिहिलं होतं: बांधणी, बशीर, शिरूर. मुलगा इरफान. घरची माणसं.

मी त्यांच्यावर संतापलो. मेलेल्या माणसावर संतापता येतं, हे तेव्हा कळलं. मग रडलो.

हे छापून येतंय, म्हणजे पानं आता त्या पुठ्ठ्यात नाहीत, हे शहाण्यांना सांगायला नको. परवापासून समोरच्या रसवंतीपाशी एक मोटारसायकल उभी असते. गिऱ्हाईक असेल कदाचित. पुस्तक काउंटरवरच आहे, ज्याला बघायचं त्यानं बघावं. येता-जाता माझा अंगठा त्या पुठ्ठ्यावरून फिरतो. पुठ्ठा हलका लागतो. घरची माणसं आता दुसरीकडं आहेत, आणि त्यांच्यात मी आहे, माझा इरफानही आहे.