पहिला घास शेजारच्याला

“सॉरी म्हणून दुखायचं ऱ्हातंय व्हय?” मी वर्गात शिरले तेव्हा कांतामावशी वेदला विचारत होत्या. अडीच वर्षांच्या वेदने प्रज्ञाला ढकललं होतं. मावशींनी त्याला रागावलं नाही. तिच्या खरचटलेल्या गुडघ्याशी बसवलं आणि फुंकर घालायला लावली. “तिच्या तोंडाकडं बघ. बरं वाटून राह्यलं का तिला?” वेद बराच वेळ बघत राहिला.

अंबड तालुक्यातल्या त्या नर्सरीत मी टीचर होते, मावशी आया. मी मुलांकडून ‘सॉरी’, ‘शेअरिंग’ म्हणवून घ्यायचे. मुलं छान म्हणायची आणि लगेच पुन्हा चावायची. मावशी अंगणवाडीत मदतनीस म्हणून राबत म्हाताऱ्या झालेल्या. त्यांचा नियम एकच होता: डबा उघडला की पहिला घास शेजारच्याला. “सोताचं तर कुत्रं बी खातंय,” म्हणायच्या. दोन महिन्यांत हिसकाहिसकी थांबली. मासिक अहवालात मी ते ‘शेअरिंग ॲक्टिव्हिटी’ म्हणून लिहिलं, माझ्या नावाने. संचालकांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. मावशी दाराशी फडकं पिळत उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

मग वेदची आजी आली. नातू प्रज्ञाच्या डब्यातली भाकरी खातो, हे तिला कळलं होतं. प्रज्ञा बौद्ध वस्तीतली. आजीने जातीचं नाव काढलं नाही, ‘हायजीन’ म्हणाली. आमच्याकडे असल्या गोष्टींना इंग्रजी शब्द फार उपयोगी पडतात. हे कुणी सुरू केलं, असं संचालकांनी विचारलं. अहवाल त्यांच्या टेबलावर होता. तरी मी म्हणाले, “मावशींनी. मला माहीत नव्हतं.” त्यांनी अहवाल उघडला नाही. टीचर शोधायला वेळ लागतो, आया लगेच मिळते.

दुसऱ्या दिवसापासून मावशी आल्या नाहीत. आता मुलं आपापला डबा घेऊन भिंतीकडे तोंड करून जेवतात.

परवा वडीगोद्रीच्या फाट्यावर त्या दिसल्या. कापूस वेचून येत होत्या, बोटं चिरलेली. वेद आता प्रज्ञासंग खेळतो का, एवढंच त्यांनी विचारलं. मी ‘नाही’ म्हणाले. “लहान हाय, शिकंल मंग,” त्या म्हणाल्या. जीप आली. त्या चढायला लागल्या तशी मी त्यांची पिशवी धरली. आतली माणसं ऐकत होती.

“मावशी, मला सगळं माहीत होतं. मी खोटं बोलले.”