चार बोटं रुंद व्हायझर

आमच्या घरात बिघडलेली वस्तू दुकानात जात नाही, माझ्या शिलाई मशीनपुढे येऊन पडते. छत्री, दप्तर, शेजारणीच्या पर्सची चेन, काहीही. त्यामुळे आमच्या ह्यांनी एका संध्याकाळी गाडीचा व्हायझर, म्हणजे ड्रायव्हरसमोर उन्हासाठी खाली ओढायची ती पट्टी, काढून माझ्यापुढे टाकली तेव्हा मी नुसती कपाळाला आठी घातली. रेक्झिन फाटलेलं, आतल्या स्पंजचा पिवळा भुगा झालेला.

"डोळ्यांवर ऊन लई येऊन राहिलं," हे म्हणाले.

ऊन येणारच. ह्यांचं काम हिंगोलीहून पेशंट नांदेडच्या दवाखान्यांत न्यायचं. सकाळी जाताना सूर्य समोर, संध्याकाळी परतताना पुन्हा समोरच. मी जुनं रेक्झिन उसवून कागदावर त्याचं माप घेतलं. भुगा झटकला, आतली तार सरळ केली, फाटक्या गादीतला स्पंज कापून पुठ्ठ्यावर बसवला आणि वरून जुन्या सुटकेसचं कापड जाड सुईने शिवलं. दांडी ढिली होती, तिच्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली. मग व्हायझर हवा तिथे थांबायला लागला. खर्च म्हणाल तर एक सुई मोडली. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

थोड्याच दिवसांत तो परत आला. "जरा रुंद कर. चार बोटं." केला. मग खालून काळं कापड लाव म्हणाले. लावलं. तरी ऊन लागतंच. "आता काचेला अख्खा पडदाच शिवते," मी म्हणाले. एरवी असल्या बोलण्यावर हे दोन टोमणे परत करायचे. हसलेसुद्धा नाहीत. घरात येताना दाराच्या कडेची बादली ह्यांच्या पायाला लागायची, आणि ती तिथे का ठेवली म्हणून माझ्यावरच खेकसायचे. मीही ऐकून घेणारी नव्हे.

श्रावणात डोंगरकड्याला माझ्या भाचीच्या लेकराचं बारसं होतं. आभाळ भरलेलं, उन्हाचा पत्ता नाही. आखाडा बाळापूर मागे पडलं आणि डाव्या बाजूने शेळ्या रस्त्यावर यायला लागल्या. ह्यांनाही दिसतायत असं धरून मी गप्प बसले. ब्रेक लागला तो धक्का बसल्यावर.

शेळी गाभण होती. पाय झाडत होती. राखणारी बाई तिच्या मानेखाली हात घालून बसली आणि वर न बघता म्हणाली, "काहून हो दादा, एवढा कळप दिसला न्हाई?"

"व्हायझर आडवा आला," हे म्हणाले. "हिनं रुंद करून ठेवला."

माझं डोकंच फिरलं. तो व्हायझर उपटून ह्यांच्या हातात द्यावा म्हणून मी गाडीकडे गेले. व्हायझर वर छताला चिकटलेला होता. त्या दिवशी ह्यांनी तो खाली घेतलाच नव्हता. राग कुठच्या कुठे पळाला आणि मला भीती वाटली. ह्यांच्या मागच्या सीटवर रोज लोकांची आजारी माणसं झोपून जात होती.

नांदेडला आम्ही एसटीने गेलो. ज्या दवाखान्याच्या दारात लोकांना सोडून हे बाहेर चहा पीत बसायचे, तिथेच आत. काचबिंदू निघाला. दोन्ही डोळ्यांची बाजूची नजर गेलेली. औषधाने उरलेली टिकेल, गेलेली परत यायची नाही. गाडी चालवायची नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. त्रास कधीपासून, विचारलं तर हे म्हणाले, "ऊन लागायचं जरा."

घरी आल्यावर मला म्हणाले, "कोणाला सांगू नको. समोरचं बराबर दिसतं मला. सोमवारचं भाडं घेतलंय." मी भांडले, रडले, चावी लपवली. हे ऐकेनात.

सोमवारी उजाडताच फोन वाजला. हे बूट घालत होते, म्हणून मी उचलला. पेशंटचा मुलगा होता, गाडी निघाली का विचारत होता. गाडी बिघडली म्हणता आलं असतं. पण मग उद्या पुन्हा फोन आला असता.

"ह्यांना दिसत न्हाई," मी म्हणाले. "दुसरी गाडी बघा तुमी."

हे वाक्य घरात अजून कोणी उच्चारलं नव्हतं. ह्यांनी एकच बूट घातला होता. तो काढायला खाली वाकले आणि बराच वेळ तसेच वाकून राहिले.