देव वाळेपर्यंत

बडोद्यात, फतेगंजात आमच्या शेजारी राहणाऱ्या निरुपमाकाकूंचे देव साऱ्या सोसायटीत चकचकीत. दर गुरुवारी चिंचेने घासलेले. लोकांना वाटतं, काय ही भक्ती! खरं कारण मला ठाऊक आहे आणि त्यात माझाही हात आहे, म्हणून आज जप झाल्यावर वहीत लिहूनच टाकते.

काकू अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. मुलींच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं. माहेर भुसावळचं, वडील रेल्वेत, घरभर पत्त्यांचा नाद. कुणाच्या हातात कुठलं पान उरलंय हे काकू आजही बिनचूक सांगतात. सत्तर साली लग्न होऊन बडोद्याला आल्या, तर दिवाणखान्यात पत्त्यांचं खास टेबल! पण त्याच्यावर देव बसलेले.

टेबल सासऱ्यांचं. श्रीपतराव संस्थानच्या नोकरीत होते. इंग्रजांच्या कॅम्पातला एक साहेब विलायतेला परत जाताना त्याच्या सामानाचा लिलाव झाला, त्यात घेतलेलं. मिटलं की भिंतीलगतचं अरुंद टेबल. मागचा पाय बाहेर ओढून वरची फळी पुस्तकासारखी उलटली, की चौघांना पुरेल असा चौकोन, आतून हिरव्या लोकरी कापडाची बनात. साहेबलोकांकडे पिढ्यान्‌पिढ्या हीच तऱ्हा. खेळ संपला की टेबल भिंतीला, खोली मोकळी.

गुजरातेत श्रावण म्हणजे पत्ते. एका गोकुळाष्टमीला श्रीपतरावांचा डाव असा रंगला, की जन्म झाला, पाळणा हलला, तरी ते उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी सासूबाई जिजाबाईंनी देव उचलून मिटलेल्या टेबलावर मांडले. आता देवांना उठवून पत्ते कोण खेळणार? टेबल मिटलं ते मिटलंच. जाताना सुनेकडून वचनही घेतलं, "पत्त्यांसाठी माझे देव हलवू नकोस."

काकूंनी ते पाळलं. गेल्या श्रावणात मात्र म्हणाल्या, "पद्मा, पंचावन्न वर्षं त्या टेबलापुढे हात जोडले, आतून एकदा पाहिलं नाही गं. एक डाव त्याच्यावर खेळावा एवढीच हौस उरलीय. तू एवढं देवाधर्माचं करतेस, सांग, काही वाट निघते का?"

दोन दिवस पूजेत लक्ष लागेना. तिसऱ्या दिवशी आमचेच देव घासताना सुचलं.

"काकू, अष्टमीआधी देव घासायला काढता ना? ते काही पत्त्यांसाठी नाही."

काकू बघतच राहिल्या. "आणि वाळेपर्यंत टेबल रिकामं! अगं, तू वकील व्हायला हवी होतीस."

देव घासून गॅलरीत परातीत ठेवले. काकूंची नात रसिका गोत्रीहून आली होती. तिने टेबलाचा पाय ओढून पाहिला, हलेना. "आजी, हा तर चोंटी गयो!" समईतलं तेल चोळलं, तेव्हा कुरकुरत सुटला. फळी उलटली. वरचं लाकूड तेलाने, कुंकवाने काळवंडलेलं, आणि आतली बनात कालच आणल्यासारखी हिरवीगार. काकूंनी तिच्यावरून हात फिरवला. डोळे पुसायचे राहिले, त्या पत्तेच पिसायला लागल्या.

तिघींत पाच-तीन-दोनचा डाव मांडला. मी जन्मात पत्त्यांना शिवले नव्हते.

"पद्मा, हुकूम काय फुलासारखा वाहतेस? जपून ठेव!"

"मला काय माहीत, राणी मोठी की गुलाम?"

मला पाच हात करायचे होते, झाले सात.

"आजी, पद्मामावशी उगाच भोळेपणा करतात हां," रसिका म्हणाली.

"फुकटचं नशीब!" काकू फणकारल्या. "पुन्हा वाटते. आधी बघून ये, देव वाळले का?"

गॅलरीत गेले. पितळेचे देव, केव्हाच कोरडे झालेले. मी खोटं बोलत नाही. म्हणून एकेक उचलून नीट निरखला. रांगत्या बाळकृष्णाच्या दुमडलेल्या गुडघ्यामागे एक थेंब होता. खरंच होता.

आत येऊन म्हटलं, "बाळकृष्ण अजून ओला आहे."

"मग राहू दे त्याला उन्हात," काकू म्हणाल्या आणि पानं वाटायला लागल्या.