रेशमाला वास लागतो म्हणून

येवल्यातल्या आमच्या घरात दोन हातमाग आहेत आणि एक जुना नियम आहे. मागाच्या खोलीत कुणी सिगारेट पेटवायची नाही. रेशीम वास धरून ठेवतं. चार-चार महिने खपून विणलेली पैठणी गिऱ्हाइकानं उलगडावी आणि पदरातून धुराचा भपकारा यावा, ही नामुष्की कुठल्याच विणकराला परवडत नाही. माझ्या नवऱ्यानं हा नियम लग्नाआधीपासून काटेकोर पाळला. आल्यागेल्याला तोऱ्यात सांगायचे, "रेशमापुढं मी काडी वढली नाय कधी."

खोकला मात्र त्यांना मागावर बसल्या-बसल्याच गाठायचा. पदरातला मोर भरताना ढास लागली की हात थांबवून वाट बघत बसायचं. दोष कुणाचा, तर रेशमाच्या कोंड्याचा. थंडीत थंडीचा, आणि कांद्याच्या हंगामात बाजारातून उडणाऱ्या टरफलांचा. सिगारेटचं नाव त्या यादीत कधी आलं नाही. मला एवढंच हवं होतं की ह्यांनी ती सोडावी. मी भांडले, पाकिटं लपवली, गणपतीसमोर शपथ घ्यायला लावली. शपथ संध्याकाळच्या चहापर्यंत टिकली. गच्चीचा जिना चढताना मलाही धाप लागायची; पण पन्नाशी आणि वजन, असं म्हणून मी तो विषय कधीच मिटवून टाकला होता. काळजी होती ती ह्यांच्या छातीची.

शेवटी नाशिकला दिलेल्या लेकीनं छातीच्या डॉक्टरांची वेळ घेतली. एसटीनं गेलो, नाशकातल्या द्वारका चौकात उतरलो, ती आम्हाला घेऊन दवाखान्यात गेली. तिथे ह्यांना एका नळीत जोरात फुंकायला लावलं. तपासणारी पोरगी "अजून, अजून, सोडू नका काका!" असं कबड्डीच्या मैदानावर ओरडावं तशी ओरडत होती. हे बिटासारखे लाल झाले आणि खुर्चीत मागे पडले.

डॉक्टर म्हणाले, "श्वासाच्या नळ्या अरुंद झाल्यात. निकोटीन मेंदूला चटक लावतं, म्हणून हात पाकिटाकडे जातो. आणि मग त्याच्याबरोबरचा सगळा धूर छातीत उतरतो. जे गेलंय ते फारसं परत यायचं नाही. पण आज सोडलीत तर पुढची घसरण कमी होईल."

ह्यांनी लगेच आपली बाजू मांडली. "मी लय जपून वढतो, डॉक्टरसाहेब. मागाच्या खोलीत तर कधीच नाय. रेशीम वास धरतं ना."

"मग कुठे ओढता?"

"सैपाकघरात. खिडकीपाशी."

"तेव्हा तिथे कोण असतं?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मीच सांगितलं, "मी आसते. तीस वर्सं झाली."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. चूल आहे का, विचारलं. म्हटलं, गॅस हाय. "मग ताई, तुम्हीपण फुंका."

मला हसूच आलं. म्हटलं, चला, ह्यांना दाखवते कसं फुंकतात ते. पोरीचं तिसरं "अजून" यायच्या आत माझी हवा संपली. माझ्या वयाच्या बाईला जेवढं जमायला हवं त्यापेक्षा ते कमी होतं. ज्या बाईनं जन्मात सिगारेट ओठाला लावली नाही, तिचं. मी घाबरले, आणि त्याहून जास्त मला राग आला. तिथेच म्हणाले, "अहो, म्हंजे रेशीम जपलं आन् मी सुती निघाले!"

डॉक्टर हसले, लेक हसली. हे हसले नाहीत.

त्या दिवसापासून सिगारेट बंद. डॉक्टरांनी चघळायच्या निकोटीनच्या गोळ्या दिल्या. चटक थोडी भागते, धूर नाही, आणि हळूहळू त्याही कमी करायच्या. थोडं चघळून गोळी गालात ठेवायची, असं बजावलं होतं. ह्यांनी ती पानासारखी कचाकचा खाल्ली आणि तासभर उचक्या देत बसले. चिडचिड तर विचारू नका. धोट्यावर राग, जरीवर राग, माझ्या भाजीवर राग. एका पोपटाची चोच उलट्या बाजूला विणून ठेवली आणि अर्धा दिवस उसवत बसले.

तिसऱ्या आठवड्यात खोकला उलट वाढला. ह्यांना केवढा आनंद! "बघ, सिगारेटच औषध हुती!" मी फोन लावला. डॉक्टर म्हणाले, नळ्यांमधले बारीक केस धुरानं सुस्तावले होते, ते आता जागे होऊन जुना कचरा बाहेर ढकलताहेत. मी ह्यांना सांगितलं, "झाडलोट सुरू हाय. गप बसा."

एकदा ते घसरलेही. गल्लीच्या टोकाला जाऊन कुणाची तरी एक ओढून आले आणि मी विचारायच्या आत स्वतःच सांगून मोकळे झाले. मी तोंडभर बोलले, पण मनातून मला बरं वाटलं. खोकल्याचा दोष रेशमावर ढकलणारा माणूस आपली चूक स्वतःहून सांगायला लागला होता.

सहा महिन्यांनी पुन्हा तपासणीला गेलो. आधी ह्यांनी फुंकलं. पोरगी म्हणाली, "काका, आकडा होता तिथेच आहे. घसरला नाही, हे चांगलं." ह्यांनी न बघताच कागदाची घडी घातली. मग मी बसले, नाकाला चिमटा लावला, डोळे मिटले आणि फुंकलं. सगळं संपल्यावर डोळे उघडले तर हे बाहेर जायचे सोडून माझ्या खुर्चीच्या मागे उभे.

"काका, बाहेर बसा ना."

"हिचं किती आलं?"

"मागच्यापेक्षा बरंच चांगलं आलंय."

"नक्की? पुन्यांदा बघ, बाळा."

तिनं पुन्हा बघितलं आणि होकारार्थी मान हलवली. ह्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, परक्या पोरीदेखत, तीस वर्षांत पहिल्यांदा, आणि तो बराच वेळ उचलला नाही. मला काहीतरी टोमणा मारायचा होता. पण रडू फुटलं, आणि नाकाला चिमटा असल्यामुळे मी तोंड उघडं टाकून रडत बसले.