गंजलेला स्क्रू

आज वाडीच्या नाक्यावर एक जुना टेम्पो उभा होता. ब्रेक दाबला की त्याचा मागचा इंडिकेटर मंद व्हायचा. ते बघून माझे कान तापले.

लग्न झालं त्या उन्हाळ्यात आमच्या टेम्पोलाही हेच झालं होतं. नवरा आत बसून बटण दाबायचा. मी मागे उभी राहून दिवा लागला की नाही ते सांगायचे. पत्र्याची धग तोंडावर येत होती. दुरुस्तीला बोलावलेल्या मिस्त्रीने बल्ब बदलला, दिवा उघडझाप करणारा फ्लॅशर बदलला, तरी तेच. मी हळूच म्हटलं, "दिव्यामागचा स्क्रू गंजला आहे जी. करंट परत नेणारी काळी वायर तिथंच आवळलेली आहे, गंजानं तो अडत असंल."

"चवथी शिकून मिस्त्री झाली काय वं तू?" नवरा म्हणाला.

मिस्त्री हसला. "वैनी, तुम्ही चाय मांडा."

ते चहा पीत होते तेव्हा मी विळ्याच्या टोकाने गंज खरवडला आणि स्क्रू आवळला. नंतर नवऱ्याने ब्रेक दाबून पाहिला, तर दिवा लख्ख.

"पाहा, नव्या फ्लॅशरनं काम केलं," मिस्त्री म्हणाला. नवऱ्याने त्याची पाठ थोपटली.

माझी बोटं गंजाने लाल झाली होती. कोणी विचारू नये म्हणून मी ती पदराखाली लपवली. त्या दोघांचा राग येतोच, पण त्याहून जास्त राग मला त्या लपवण्याचा येतो.