घरी मशीन नाही

कुलथे मॅडम पेशंटच्या छातीवर सोनोग्राफीचा प्रोब ठेवायच्या आणि पडद्यावरची नजर न हलवता निकाल सांगून टाकायच्या. पेशंटलाही कान असतात, हे त्यांच्या गावीही नसे. "धीर द्यायला नातेवाईक आहेत. मी बघायला आहे," असं म्हणायच्या.

दोन हजार सालानंतरची ती पहिली वर्षं. फुफ्फुसात हवा, तिथे सोनोग्राफीत काय दिसणार, म्हणून नाशिकचे बाकीचे डॉक्टर हसायचे. मी मॅडमच्या हाताखाली शिकत होते. पिंपळगावच्या पॅकहाउसमध्ये द्राक्षं भरणारी एक बाई धापा टाकत आली. दमा समजून मी औषधाची वाफ सुरू केली. मॅडमनी दोन्ही बाजूंना प्रोब फिरवला. फुफ्फुसाच्या कडेची पांढरी रेघ डावीकडे श्वासाबरोबर सरकत होती; उजवीकडे निपचित होती.

"हिचं फुफ्फुस मिटलंय आणि तू वाफ देत बसलीयस? डोळे उसने आणलेस का?"

"मॅडम, मी वाचंल ना?" बाईने विचारलं.

"छातीत नळी वेळेत गेली तर."

नळी वेळेत गेली. बाई वाचली, पण जाताना मॅडमकडे तिने पाहिलंही नाही.

मॅडमचे यजमान सुधाकरराव गप्पिष्ट. त्यांचा कोरडा खोकला जाईना, म्हणून एका दुपारी ते हसतहसतच टेबलावर आडवे झाले. पडद्यावरची रेघ जाड, खडबडीत होती आणि तिच्यापासून पांढरे पट्टे तळापर्यंत उतरले होते. दोन्हीकडे.

"फुफ्फुसं घट्ट होत चाललीयत. यावर औषध नाही. फार वर्षं नाहीत," मॅडम त्याच आवाजात म्हणाल्या. पुढे सीटी स्कॅनमध्येही तेच आलं.

सुधाकरराव उठून बसले. "सरोज, घरी गेल्यावर सांगितलं असतंस."

"घरी मशीन नाही."

त्यानंतर त्यांनी मॅडमना अंगाला हात लावू दिला नाही. ऑक्सिजनवर ॲडमिट झाल्यावर मला म्हणाले, "तू बघ. ती बाहेर थांबेल."

मी बघायची आणि सांगायची, "थोडं कमी वाटतंय, काका."

बाहेर बाकावर मॅडम विचारायच्या, "वाढलंय?"

"हो."

"त्याला काय सांगितलंस?"

"कमी आहे म्हणाले." आता बोलणी बसणार, असं मला वाटलं.

"मग हसला का?" त्यांनी विचारलं.

एकदा काकांनी माझं मनगट धरलं. "मला कळतं गं, तू खोटं बोलतेस. तरी ऐकायला बरं वाटतं."

"मॅडमना बोलावू?"

त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

त्याच आठवड्यात, भर दुपारी, मी त्यांच्या खोलीतून बाहेर आले. मॅडम झटकन उठल्या.

"बोलावलं त्याने?"

इतक्या आशेने बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. काकांशी रोज खोटं बोलणारी मी, मॅडमशी खोटं बोलू शकले नाही.

"नाही, मॅडम. ते गेले."