मावशींचा दुसरा हातमोजा

न्यू जर्सीतल्या माझ्या मैत्रिणी फोनवर हमखास विचारायच्या, "अगं, तिकडे आपलं कोण आहे?" आणि मी सांगायचे, "शेजारी मावशी आहेत की!" त्यांना वाटायचं, असतील कुणी सातारच्या किंवा नागपूरच्या.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमचे हे नॉर्थ कॅरोलायनातल्या एका छोट्या कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवायचे. कॉलेज कृष्णवर्णीयांचं. ज्या काळात या मुलांना बाकी कॉलेजांची दारं बंद होती, त्या काळात त्यांच्याच वाडवडिलांनी चर्चमधून वर्गणी काढून, हाताने विटा पाडून उभं केलेलं. जुने विद्यार्थी आले की मेन हॉलच्या भिंतीवरून हात फिरवत नातवंडांना सांगायचे, "ही ओळ आपल्या पणजोबांनी रचली." कुठल्या पणजोबांनी कुठली ओळ, यावरून वादही व्हायचे बरं का, आणि तेही जोरात.

तर शेजारच्या मावशी. याच कॉलेजात शिकल्या, इथेच होम सायन्स शिकवून रिटायर झाल्या. सगळ्यांना 'बेबी' म्हणायच्या. मला, पोस्टमनला, कॉलेजच्या प्रेसिडेंटलाही. मी पहिल्याच महिन्यात त्यांना मावशी म्हणायला लागले. त्यांनी अर्थ विचारला. आईची बहीण, असं सांगितल्यावर म्हणाल्या, "मग तुझ्या आईला विचारून घे हो. आणखी एक बहीण परवडेल का तिला?" बोलायचो आम्ही इंग्रजीत, पण इतकी वर्षं झाली, माझ्या कानात त्या मराठीच बोलतात. मी त्यांना भरली भेंडी शिकवली, त्यांनी मला कॉर्नब्रेड. आमच्या दोघींच्या मागच्या अंगणांच्या मध्ये एक फाटक होतं, ते बंद झालेलं मी पाहिलं नाही.

दर वसंतात कॉलेजचा वर्धापनदिन असायचा. डॉगवुडची झाडं फुललेली, बँडचा सराव चाललेला, हिरवळीवर मासे तळल्याचा वास. बँड इतका दणदणीत की फडताळातली भांडी वाजायची. पण खरी मजा मिरवणुकीची. जुन्या विद्यार्थिनी पांढरे कपडे, पांढरे हातमोजे घालून, दोघी-दोघी हातात हात घालून चालायच्या. सगळ्यात जुनी बॅच सगळ्यात पुढे. त्या दिसल्या की लोक उठून उभे राहायचे, पुरुष हॅट काढायचे. वाटेच्या दोन्ही बाजूंना दोरी बांधलेली, दोरीच्या आत फक्त जुन्या विद्यार्थिनी. आम्ही बाकीचे दोरीबाहेर.

मावशींच्या बॅचच्या दोघीच उरल्या होत्या, त्या आणि त्यांची हॉस्टेलमधली रूममेट. आणि नेमकी कॉलेजची शताब्दी तोंडावर आलेली असताना, त्या हिवाळ्यात रूममेट गेली.

मावशींनी जाहीर केलं, "मी चालणार नाही. गुडघा दुखतो."

प्रेसिडेंटच्या ऑफिसातून फोन आले. हॉस्टेलच्या मुली केक घेऊन आल्या. केक ठेवून घेतला आणि मुलींना परत पाठवलं. गुडघा, गुडघा, गुडघा! आणि हीच बाई रेडिओवर चर्चची गाणी लागली की स्वयंपाकघरात ठेका धरून नाचायची, माझ्या खिडकीतून मला सगळं दिसायचं. मी म्हटलं, "मावशी, काल रात्री गुडघा बरा होता वाटतं?"

त्या हसल्या नाहीत. शेंगा सोलत होत्या, सोलतच राहिल्या. मग म्हणाल्या, "बेबी, मी एकटी चालले ना, तर लोक मला नाही बघणार. माझ्या शेजारची रिकामी जागा बघतील."

मी आपली शेंगा सोलायला बसले.

घरी यांना सांगितलं, तर हे म्हणाले, "तू मध्ये पडू नकोस. त्यांच्या कॉलेजचा मामला आहे."

"मी कुठे पडतेय? बघतेय फक्त."

आणि बघितलं ते असं, की आदल्या दिवशी मावशींच्या मागच्या दारी दोरीवर पांढरा ड्रेस वाळत होता. कडक खळ केलेला, असा की वारा आला तरी हलेना! आता तुम्हीच सांगा, जिला जायचंच नाही ती बाई ड्रेसला खळ कशाला करेल?

सकाळी मी माझी पोपटी नारायणपेठी नेसले आणि फाटकातून गेले. मावशी तयार होऊन खुर्चीत बसलेल्या. ड्रेस, हॅट, हातमोजे, सगळं चढवून. पण उठायला तयार नाहीत.

"नुसतं घालून बघितलं," म्हणाल्या.

"छान दिसतंय. आता नुसतं दोरीपर्यंत चालून बघू. मी आहे ना. नाही वाटलं तर परत येऊ, मी चहा टाकीन."

"तुझा तो आल्याचा?"

"आल्याचाच."

हॅट सारखी केली आणि उठल्या. मला इतका आनंद झाला, की आता मावशींचं मन फिरायच्या आत निघायचं, एवढंच डोक्यात. पण कुणी महत्त्वाच्या कामाला घराबाहेर पडतंय आणि त्याच्या हातावर दही-साखर द्यायची नाही, हे आमच्या घरात कधी झालंच नव्हतं. परीक्षा असो, मुलाखत असो, यांचं विमान असो. मी घरूनच वाटीत दही-साखर कालवून आणली होती. दाराशी म्हटलं, "मावशी, हात पुढे करा." त्यांनी केला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत चांगला चमचाभर दही घातलं.

पांढऱ्याशुभ्र हातमोज्यावर!

दही झिरपायला लागलेलं, लांबून बँड सुरू झालेला, दुसरा जोड नाही. मनात म्हटलं, झालं, न जायचं कारण आयतंच हातावर वाढलं मी! हे सांगत होते, मध्ये पडू नकोस.

मावशी तळहाताकडे बघत राहिल्या. "हे काय आहे?"

"दही. म्हणजे... काम नीट व्हावं म्हणून. हातावर घेऊन खायचं."

त्यांनी हात तोंडाशी नेला आणि हातमोज्यावरून चाटून दही खाल्लं. अगदी शांतपणे. मग म्हणाल्या, "साखर कमी आहे."

दक्षिणेतली माणसं, चहात पाकासारखी साखर लागते त्यांना! मला हसू फुटलं, मग त्यांनाही. हसता हसता त्यांनी तो हातमोजा काढला, दाराच्या मुठीला अडकवला आणि निघाल्या.

दोरीपाशी एक विद्यार्थिनी उभी होती, खांद्यावरून सॅशचा पट्टा घातलेली, फार कडक. "मॅम, तुमचा दुसरा हातमोजा?"

मी दही, चूक, सॉरी असं काहीतरी पुटपुटत मागे सरकत होते. मावशींनी उघड्या हाताने माझा हात धरला. अजून चिकट होता. म्हणाल्या, "हा काय. हिरवा आहे."

ती मुलगी माझ्याकडे बघते, माझ्या साडीकडे बघते, मावशींकडे बघते. मावशींनी तिच्या आईलाही शिकवलेलं असणार, कारण ती झटकन बाजूला झाली.

आणि आम्ही चाललो, सगळ्यात पुढे. मागे पांढरीशुभ्र रांग. लोक उठले, हॅट निघाल्या. माझ्या पायात कॅनव्हासचे बूट, पदर सावरायला एकच हात मोकळा. यांच्यासमोरून जाताना पाहिलं, हे प्राध्यापकांच्या रांगेत काळा गाऊन घालून उभे, तोंड उघडं. मी नजरेला नजर दिली नाही. मेन हॉलच्या पायऱ्यांपाशी बँडने जोर धरला तशी मावशींनी माझा हात न सोडता दोन पावलं नाचून घेतली. लोक काय ओरडले म्हणून सांगू!

"गुडघा?" मी विचारलं.

"गप्प बस, बेबी. समोर बघ."

त्या दिवशीचा एक फोटो कॉलेजच्या लायब्ररीत लागला. पांढऱ्या रांगेच्या टोकाला एक पोपटी ठिपका. मैत्रिणींना त्याची प्रत पाठवली, तेव्हा त्यांना कळलं मावशी कोण ते.

पुढच्या वर्षी वर्धापनदिनाला मी अजून निऱ्या करत होते, तर फाटक वाजलं. दारात मावशी. कडक पांढरा ड्रेस, डाव्या हातात हातमोजा, उजवा हात उघडा, माझ्यापुढे धरलेला.

"आण," म्हणाल्या. "आणि या वेळी साखर बघून घाल."